चहा पिऊन आलं की पहिला शॉट वर: पावसाळ्यात एअर रायफलला होणारं दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं, ते लगेच कळेल. १० मीटरची एअर रायफल, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून चालणारी. नऊ-दहा शॉट एकाच भोकात जातात आणि मध्येच एखादा सरळ वर जातो. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, नेमका वर. पुढचा पुन्हा जागेवर. साइटला (नेम धरायच्या भागाला) क्लिक देऊन, म्हणजे तिची कळ एक घर फिरवून, तो एक खाली आणावा, तर बाकीचे सगळे खाली जातात. स्क्रू तपासले, छर्रे बदलले, नळी साफ केली, तरी आठ दिवसांनी तेच. आणि हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये जास्त.

आमच्याकडं हे तीन पावसाळे चाललं. त्यातले पहिले दोन मी चुकीच्या जागी पैसे घातले.

परभणीत मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे. मागं गोदाम, लांबी चौदा मीटरच्या आसपास. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक सुरू झाली की तिथं पाय ठेवायला जागा नसते, पण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत ते बहुतेक रिकामंच. पुतणीला शाळेत असताना शूटिंगचा नाद लागला. मग एका टोकाला लोखंडी पेटी, तिच्यात माती, पुढं नेमाचं कार्ड, मागं पोत्यांची थप्पी, आणि मधलं दार आतून कडी लावून बंद, अशी आमची रेंज तयार झाली. रायफल सेकंड हॅंड, पुण्याच्या एका खेळाडूकडून घेतलेली. मी स्वतः नेमबाज नाही. मी पंप मारतो, कार्ड बदलतो आणि वही लिहितो. वही लिहायची अक्कल तिसऱ्या वर्षी आली, ती आधी आली असती तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

पहिल्या वर्षी दोष छर्ऱ्यांना दिला. डबा एकदा फरशीवर पडला होता, त्यामुळं संशयाला जागाही होती. स्पर्धेचा छर्रा शिशाचा, मऊ. डोकं सपाट, कमर बारीक आणि मागचा घेर पातळ. पडला की तो घेर चेपतो आणि चेपलेला छर्रा नळीतून सरळ निघत नाही. नवीन डबा आणला, ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर अशा दोन्ही डोक्यांचे छर्रे लावून बघितले. थोडा फरक वाटला. तेवढ्यात दसरा आला, गोदाम भरलं, रायफल पेटीत गेली. फेब्रुवारीत काढली तर दुखणं गायब. मी सगळ्यांना सांगत सुटलो, छर्रे खराब होते.

दुसऱ्या वर्षी पाऊस पडला आणि तो वर जाणारा शॉट परत आला. या वेळी मी स्टॉकच्या, म्हणजे रायफलीच्या दस्त्याच्या, स्क्रूंवर आलो. लाकडी स्टॉक, मराठवाड्यातली हवा. मे महिन्यात लाकूड वाळून आक्रसतं, पावसात फुगतं. ऍलन की लावली तर एक स्क्रू खरंच पाव फेरा ढिला निघाला. घट्ट केला. पुन्हा दसरा, पुन्हा सोयाबीन, पुन्हा फेब्रुवारीत सगळं ठीक. म्हटलं, सापडलं.

तिसऱ्या वर्षी मात्र फेब्रुवारीतही पूर्ण बरं झालं नाही. तेव्हा पुतणीच म्हणाली, "काका, तुम्ही दरवेळी दोन-तीन गोष्टी एकदम बदलता. मग कशानं बरं झालं ते कळणार कसं?" पोरगी अकरावी सायन्सला आहे. गप्प बसलो.

तर आता कामाचं.

एका कार्डावर दहा शॉट मारले की शेवटी एक मोठं भोक आणि वरच्या बाजूला एक फुगवटा दिसतो. तो फुगवटा तिसऱ्या शॉटचा की नवव्याचा, हे कार्ड कधीच सांगत नाही. आम्ही दोन वर्षं फुगवट्याकडंच बघत बसलो. एका पट्टीवर दहा छोटी वर्तुळं छापलेली असतात, ती आणा, एका वर्तुळावर एकच शॉट मारा आणि शेजारी घड्याळातली वेळ लिहा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर क्रम आणि वेळ आपोआप मिळते. नसेल तर पेन्सिल बस झाली.

वहीची चार पानं भरली आणि उत्तर समोर आलं. वर गेलेला प्रत्येक शॉट कुठल्यातरी थांबण्यानंतरचा होता. चहा आला. वीज गेली, दिवा बंद. दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून मला उठावं लागलं. हमाल मामांनी दाराबाहेरून हाक मारली, "मालक, गाडी लागली!" त्यानंतरचा पहिला शॉट वर. आणि थांबणं जितकं लांब, शॉट तितका जास्त वर. सकाळचा अगदी पहिला सगळ्यात वर.

इथं घाई करू नका, कारण यात एक मोठा चकवा आहे. थांबून परत उभं राहिलं की नेमबाजाची ठेवणही बदलते. पाय दोन बोटं सरकतात, कोपर वेगळ्या जागी टेकतं, गाल स्टॉकवर वेगळा बसतो. मग पहिला शॉट चुकला तर दोष माणसाचा की रायफलीचा? आम्ही तो असा सोडवला. पुतणी दहा मिनिटं बाहेर जाऊन बसली. ती आल्यावर रायफल आधी मी उचलली आणि खाली ठेवलेल्या दुसऱ्या पेटीत मातीवर एक छर्रा वाया घालवला. मग रायफल टेबलावर ठेवली, तिनं ती नव्यानं उचलली, नव्यानं उभी राहिली आणि मारला. मध्यात. पाच वेळा केलं, पाचही वेळा मध्यात. मग उलट केलं. ती आपल्या जागी तशीच उभी राहिली, रायफल स्टँडवर पंधरा मिनिटं नुसती ठेवली, मध्ये कुणीच मारलं नाही. पहिला शॉट वर. म्हणजे विश्रांती माणसानं घेतली तर काही बिघडत नाही, रायफलीनं घेतली की बिघडतं.

या चाचणीला एक रुपया लागत नाही. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढी करून बघा.

आता असं का होतं. सिलिंडरमध्ये भरताना २०० बारपर्यंत हवा असते (बार म्हणजे दाबाचं माप, बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार) आणि प्रत्येक शॉटला ती कमी होत जाते. ती थेट छर्ऱ्यामागं सोडली तर पहिला शॉट जोरात आणि पन्नासावा ढिला जाईल. म्हणून मध्ये रेग्युलेटर असतो. तो सिलिंडरमधली हवा कमी आणि ठरलेल्या दाबावर आणून एका छोट्या कप्प्यात भरतो. दाब किती, ते बंदुकीनुसार वेगळं. चाप ओढला की त्या कप्प्यातली हवा छर्ऱ्याला ढकलते, कप्पा लगेच पुन्हा भरतो, दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की रेग्युलेटरचं तोंड बंद.

घरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की तो बंद होतो. पण त्याच्या वॉशरखाली वाळूचा एक कण अडकला, की बंद झालेला दिसतो खरा, आतून थेंबथेंब गळत राहतो आणि सकाळी टाकी वाहत असते. रेग्युलेटरचं अगदी तसंच. त्याच्या बैठकीवर, म्हणजे तोंड जिथं टेकून मिटतं तिथं, कचरा, गंज किंवा ओल बसली की तो नीट मिटत नाही. तुम्ही अर्ध्या मिनिटाला एक शॉट मारत असाल तर गळायला वेळच मिळत नाही, म्हणून सगळे शॉट सारखे. तुम्ही चहाला गेलात की कप्प्यातला दाब हळूहळू चढतो. परत येऊन मारलेला पहिला शॉट त्या चढलेल्या दाबानं जातो. तो एक मारला की कप्पा रिकामा, हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, मी एका ओळखीच्याकडून दोन दिवसांसाठी आणलं. आमच्या वहीतले आकडे: सलग मारताना सेकंदाला १७२ ते १७३ मीटर. पाच मिनिटं थांबून १७६. पंधरा मिनिटांनी १८१. रात्रभर ठेवून सकाळी १८९. आणि प्रत्येक वेळी त्यानंतरचा दुसरा शॉट परत १७२-१७३.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं मलाही वाटलं होतं. गणित पुतणीनं मांडलं. १७२ च्या वेगानं १० मीटर जायला साधारण ०.०५८ सेकंद लागतात, तेवढ्यात छर्रा गुरुत्वाकर्षणानं १६.६ मिलिमीटर खाली येतो. १८१ ला तो १५ मिलिमीटरच खाली येतो. वाटेत छर्रा मंदावतो ते यात धरलेलं नाही, म्हणून हिशेब ढोबळ. पण फरक दीड-पावणेदोन मिलिमीटरचा. रायफलच्या १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि एका रिंगपासून दुसरीपर्यंतचं अंतर अडीच मिलिमीटर. दशांशाच्या मोजणीत दर पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. म्हणजे चहाच्या एका ब्रेकनं १०.५ चा शॉट ९.९ वर येतो. सकाळच्या १८९ वाल्याला जवळजवळ तीन मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एका रिंगहून जास्त.

मग पावसाळ्यातच का? याचं उत्तर पंपात होतं आणि पंप मारणारा मीच. आमच्याकडं कॉम्प्रेसर नाही, तीन टप्प्यांचा हातपंप आहे. गोदामाच्या दारात उभं राहून मी जुलैमध्ये पंप मारायचो, बाहेर भुरभुर पाऊस. रायफलच्या सिलिंडरमध्ये पाव लिटरच्या आतबाहेर जागा असते. तो २०० बारला भरायचा म्हणजे बाहेरची ४०-५० लिटर हवा आत कोंबायची. २८ अंशांच्या, पावसाळी दमट हवेत दर घनमीटरला वीस-बावीस ग्रॅम पाण्याची वाफ असते. त्या ४०-५० लिटरमध्ये सुमारे एक ग्रॅम पाणी आलं, म्हणजे वीसेक थेंब. हवा दाबली की वाफेला जागा उरत नाही, पाणी सुटं होतं. बरंचसं पंपातच साचतं आणि शेवटी ब्लीड स्क्रू (पंपात कोंडलेली हवा सोडायचा स्क्रू) उघडला की फुस्स करून बाहेर येतं. सगळं येत नाही. उरलेलं सिलिंडरमध्ये जातं आणि तिथून रेग्युलेटरच्या बैठकीवर. मे महिन्यात परभणीत ४० अंशांना हवा इतकी कोरडी असते की तेवढ्याच हवेत निम्म्याहून कमी पाणी भरतं. म्हणून उन्हाळ्यात आम्ही सुखी. पहिली दोन वर्षं पावसाळ्यातली ओल हिवाळ्याच्या कोरड्या हवेनं वाळून जायची, आम्हाला वाटायचं नवीन छर्ऱ्यांनी गुण आला. तिसऱ्या वर्षापर्यंत बैठकीवर गंजाचा डाग धरला होता, तो वाळून जाणारा नव्हता. पुढं उघडून बघितलेल्या कारागिरानं तो मला दाखवला.

दुरुस्तीबद्दल एकच स्पष्ट सांगतो: रेग्युलेटर घरी उघडू नका. दाब असलेल्या बंदुकीचा कुठलाही जोड सैल करणं म्हणजे तो भाग गोळीसारखा तोंडावर घेणं. मला हात शिवशिवत होते, खोटं बोलत नाही, पाने हातात घेऊन बसलोही होतो. पण शेवटी रायफल पुण्याला एका जाणत्या कारागिराकडं नेली. त्यानं सील आणि ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या, बैठक बदलली, दाब पुन्हा लावला. परत आल्यावर रात्रभर ठेवून सकाळचा पहिला शॉट १७३.

आणि हे ठळक वाचा. गळती दिसली की आपल्याकडं पहिला हात तेलाच्या कॅनकडं जातो. उच्च दाबाच्या हवेत पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस गेलं तर ते डिझेल इंजिनासारखं आपोआप पेटू शकतं. पंपाला आणि सीलला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल एवढंच. दुसरं, मला एका शहाण्यानं सुचवलं होतं, "कशाला पंप मारायलास? वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घे की." कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन, आत ग्रीसचा अंश, हा सरळ स्फोट आहे. दवाखान्यातला सिलिंडरही तोच. नायट्रोजनचं म्हणाल तर टायरवाल्याच्या दुकानातला दाब आपल्याला लागणाऱ्या दाबाच्या जवळपासही नसतो. डायव्हिंगची कोरडी हवा मिळाली तर उत्तम, मोठ्या रेंजवर ती सोय असते. आपल्याकडं समुद्र नाही आणि डायव्हिंगही नाही.

मी आता काय करतो: पंपाच्या हवा ओढण्याच्या तोंडाला सिलिका जेलचा फिल्टर लावलाय. निळे दाणे गुलाबी झाले की काढून गरम करून परत वाळवतो, त्यासाठी घरातला तवा घ्यायचा नाही, ही बायकोची अट आणि बरोबर अट. साठ-सत्तर दट्ट्यांनंतर थांबतो, पंप गार होऊ देतो, ब्लीड करतो. आणि सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये पंप दुकानाच्या एसी केबिनमध्ये नेऊन मारतो. एसी हवेतलं पाणी बाहेर काढून टाकतो, पाइपातून गळतं तेच ते. त्या खोलीतल्या हवेत बाहेरच्यापेक्षा साधारण निम्मंच पाणी असतं. मुनीमजींना पंपाचा आवाज आवडत नाही, तो भाग वेगळा.

सिलिंडरबद्दल दोन ओळी. त्यावर तयार केल्याची तारीख कोरलेली असते आणि मॅच रायफलींच्या सिलिंडरची मुदत बहुतेक कंपन्या १० वर्षांची देतात. सेकंड हॅंड घेताना लोक नळी बघतात, ही तारीख बघत नाहीत. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर निघाला तर जबाबदारी खेळाडूचीच. आणि २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ४२ अंशांत २११ च्या पुढं जातो. उन्हात बंद गाडीत ६० अंशांला २२३. परभणी ते पुणे मे महिन्यात जायचं तर काठोकाठ भरून नेऊ नका.

तुमचं लक्षण थोडं वेगळं असेल तर बाकीचे संशयित असे.

थांबल्यानंतरचा पहिला शॉट वर न जाता खाली जात असेल, दुसरा थोडा खाली, तिसरा ठीक, तर तो रेग्युलेटरचं मिटणं नसून व्हॉल्वचं किंवा त्याला ठोकणाऱ्या आतल्या हातोडीचं अडखळणं बहुधा. वाळलेलं ग्रीस, थंडी. आमच्याकडं फेब्रुवारीच्या पहाटे हे एकदा झालं.

शॉट हळूहळू, एकामागून एक खाली उतरत जात असतील तर काहीच बिघडलेलं नाही, सिलिंडरचं दाबाचं मीटर बघा. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेला की रेग्युलेटर काही करू शकत नाही. हवा भरा. हसू नका, आम्ही यावर एक पूर्ण संध्याकाळ घालवली आहे.

कधी वर, कधी खाली, क्रम नाही आणि वेगही विस्कटलेला, तर छर्रा बसवायच्या जागेची ओ-रिंग. टिश्यू पेपरची बारीक पट्टी त्या फटीवर ठेवा आणि छर्रा भरून मारा. पट्टी फडफडली की हवा तिथून निसटते. ही रिंग मात्र आपली आपण बदलता येते, कंपनीच्या पुस्तकात चित्र असतं.

वेग सारखा आहे, तरी ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, चारी बाजूंनी पसरतोय, तर स्क्रू, साइट, नळी, छर्रे, या क्रमानं. स्क्रू कंपनीनं दिलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या मापालाच), जोर काढून नव्हे, लाकूड चिरडतं. नळी साफ करताना सळई घालू नका, दोरीला फेल्टची गुंडी लावून मागून पुढं ओढा, आणि साफ केल्यावर पहिले दहा-वीस छर्रे हिशेबात धरू नका. छर्ऱ्यांचं मी वर सांगितलं. वेगवेगळ्या मापांचे छर्रे वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारून बघा, उभं राहून नाही.

सगळा ग्रुपच दुपारी वर आणि संध्याकाळी खाली सरकत असेल, आत पसरलेला नसेल, तर उजेड. आमच्या गोदामाला पत्र्यात एक पारदर्शक शीट आहे. बारा ते दोन कार्डावर ऊन पडायचं आणि काळं वर्तुळ डोळ्याला वेगळं दिसायचं. शीटवर पोतं टाकलं, कार्डावर एलईडीचा झोत लावला. नियमात टार्गेटवर किमान १५०० लक्स (उजेडाचं माप) सांगितलेत, मोबाइलमधल्या मापकावर साधारण अंदाज येतो. व्होल्टेज पडलं की झोतही मंदावतो, त्यामुळं इन्व्हर्टरवर घ्या.

ज्यांच्याकडं स्प्रिंगची एअर रायफल आहे, आणि आपल्याकडं जास्त लोकांकडं तीच आहे, त्यांनी वरचं रेग्युलेटरपुराण सोडून द्यावं. तिच्यात रेग्युलेटर नसतोच. तिथं पहिला शॉट जोरात, धूर आणि जळका वास असं झालं तर नळीमागच्या सिलिंडरात तेल पेटतंय, तेल घालणं बंद करा. आणि ग्रुप पसरत असेल तर रायफल आवळून धरू नका. स्प्रिंग सुटताना ती पुढं-मागं उडी मारते, ती दरवेळी सारखी उडू द्यायची, म्हणून पुढचा हात नुसता उघडा ठेवून तिला टेकू द्यायचा. निम्म्या तक्रारी एवढ्यानं मिटतात.

ही सगळी भानगड बघून मोंढ्यातल्या एका शेजाऱ्यानं विचारलं, "घरी काडतुसं भरायलाव का काय?" लोक मोबाइलवर बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघतात, तिथं माणसं गॅरेजमध्ये बसून रिकामी काडतुसं परत भरतात. आपल्याकडं परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. आजोबांच्या पिढीत डुकरांपासून ज्वारी राखायला ठासणीच्या बंदुका असायच्या, तो काळ गेला. छर्ऱ्याची ४.५ मिलिमीटरची, २० जूलच्या (छर्ऱ्याच्या ऊर्जेचं माप) आतली एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं परवान्याविना घेता येते. आमची तर आठ जूलच्याही आत आहे. तरी पावती आणि ओळखपत्राची प्रत पेटीतच ठेवतो. आणि पाखरांवर, वानरांवर नेम धरायचा नाही, तो वेगळा आणि मोठा गुन्हा. छर्रे हाताळल्यावर हात साबणानं धुवून मगच भाकरीला हात लावायचा, शिसं आहे ते.

दुरुस्तीला रायफल जाण्याआधी एक स्पर्धा तोंडावर आली होती. तेव्हा सरावात आम्ही एक जुगाड केला होता: थोडं थांबलं की आधी नुसत्या हवेचा एक शॉट टार्गेटच्या दिशेनं काढायचा, कप्पा रिकामा करायचा, मग छर्रा भरायचा. सरावात झकास चालतं. पुतणीनं सवयीनं तेच स्पर्धेत केलं, मोजणीचे शॉट सुरू झाल्यावर. छर्ऱ्याविना हवा सोडली म्हणून पंचांनी ताकीद दिली, दुसऱ्यांदा केलं असतं तर २ गुण कापले असते. तेव्हा हा उपाय फक्त सरावापुरता. पुढं मोजणीत आम्ही एवढंच पाळलं, की दोन शॉटमध्ये मिनिटापेक्षा जास्त थांबायचं नाही. ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, जमतं.

यंदा आषाढात वही उघडली. ११ जुलै, पाऊस, रायफल रात्रभर पेटीत. सकाळचा पहिला शॉट १०.४, दुसरा १०.६, तिसरा १०.३. चाळिसाव्या शॉटनंतर सगळे थोडे डावीकडं जाताहेत. रायफल मी वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली तर जात नाहीत. तेव्हा ते दुखणं रायफलीचं नाही, पण हे पुतणीला अजून पटलेलं नाही.